जुना लॅपटॉप नेमका कुठे अडतो, आणि त्याला परत पळता कसं करायचं

मावशीचा लॅपटॉप चालू करायची एक ठरलेली पद्धत होती. बटण दाबायचं, झाकण उघडं ठेवून निघून जायचं, आंघोळ वगैरे उरकून यायचं, तोपर्यंत डेस्कटॉप दिसायला लागलेला असायचा, पण लगेच कशावर क्लिक करायचं नाही, कारण क्लिक केलं की ते निळं वर्तुळ फिरायला लागतं आणि मग अजून पाच मिनिटं गेलीच समजा. शेवटी ती म्हणाली, "अगं म्हातारा झालाय तो आता, तूच घेऊन जा, काय करायचं ते कर." मी घेऊन आले. आणि जुना लॅपटॉप इतका स्लो का झाला, आता काय करू, हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून या निमित्ताने सगळं एकदा नीट लिहून काढते.

आधी त्या "म्हातारा झालाय" बद्दल. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, माणसासारखा थकत नाही. त्याच्या आत सगळं काम एका घड्याळाच्या ठोक्यावर चालतं, आणि तो ठोका एका क्वार्ट्झ क्रिस्टलच्या आधाराने पडतो. दहा वर्षांपूर्वी जो प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके, तो आजही तेवढेच ठोके मारू शकतो. मग स्लो का वाटतो? काही अंशी काम वाढलंय, ब्राउझर जड झालेत, एकेक वेबसाइट पूर्वीच्या अख्ख्या सॉफ्टवेअरएवढी मेमरी खाते, मागे पाचपंचवीस गोष्टी गुपचूप चालू असतात. पण माझ्या अनुभवात मोठं कारण हे असतं की प्रोसेसर काम करतच नसतो, तो वाट बघत बसलेला असतो. कशाची वाट बघतोय हे एकदा कळलं की निम्मं काम झालं, आणि लोक नेमकं हेच न बघता आधी पैसे घालतात. कोणीतरी सांगतं रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) वाढव, की रॅम वाढवतात, आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही बुवा.

ही वाट किती मोठी असते ते बघा. प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा धरू. आता त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद असं समजा. या हिशोबाने त्याने रॅममधून काही मागवलं तर ते यायला साधारण पाच मिनिटं लागतात. ठीक आहे, चालतंय. एसएसडीला, म्हणजे चिपवाल्या नव्या डिस्कला, विचारलं तर साडेतीन दिवस. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला विचारलं तर जवळपास दीड वर्ष! एक छोटीशी फाइल मागितली आणि दीड वर्ष हातावर हात ठेवून बसायचं, मग दुसरी मागायची, परत दीड वर्ष.

हे असं का होतं, तर हार्ड डिस्क ही खरंच एक फिरणारी यांत्रिक वस्तू आहे. आत चकचकीत तबकडी असते, लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, आणि तिच्यावर एक बारीक दांडी मागेपुढे सरकत असते. हवी ती माहिती जिथे आहे तिथे आधी दांडी न्यायची, त्याला साधारण १० मिलिसेकंद, मग ती जागा फिरत फिरत दांडीखाली यायची वाट बघायची, सरासरी अर्धी फेरी म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. झाले पंधरा. म्हणजे सेकंदाला अशी साधारण साठसत्तरच कामं होणार. एकच मोठी सिनेमाची फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी आरामात देते, कारण दांडी हलवावी लागत नाही. पण विंडोज सुरू होताना मोठी फाइल एक नसते, इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो बारक्या फाइली असतात. समजा सहा हजार वेळा दांडी हलवावी लागली, तर नुसत्या हलण्यातच दीड मिनिट गेलं.

आता हे आपल्या मशीनवर बघायचं कसं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप तिन्ही एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स नावाच्या भागात जा. मावशीच्या लॅपटॉपवर सुरू झाल्या झाल्या जे दिसलं ते असं: सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर) ८ टक्के, मेमरी (म्हणजे रॅम) ६१ टक्के, डिस्क १०० टक्के. आणि खाली डिस्कचा स्पीड सेकंदाला १.२ एमबी. इथे भरपूर लोक चक्रावतात, की डिस्क तर १०० टक्के कामात आहे म्हणतोय आणि स्पीड तर जेमतेम एक एमबी, म्हणजे टास्क मॅनेजरच गंडलाय. गंडलेला नाही. ते १०० टक्के म्हणजे डिस्क किती वेळ बिझी आहे ते, आणि बिझी आहे कारण दांडी सारखी इकडून तिकडे पळतेय, हाती मात्र दरवेळी चिमूटभरच लागतंय. सीपीयू ८ टक्क्यांवर म्हणजे तो बिचारा बसून आहे. हे चित्र तुमच्याकडे दिसलं तर पुढचं फार वाचायचीसुद्धा गरज नाही, एसएसडी टाका.

तिथेच सीपीयूवर क्लिक केलं की खाली अप टाइम दिसतो, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे ते. मावशीचा होता २३ दिवस. ती म्हणे मी तर रोज रात्री बंद करते. खरंच करत होती. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची एक गोष्ट आलीय, त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची जशीच्या तशी स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे आदल्या दिवशीचे ड्रायव्हरचे (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचे) घोळ सकाळी पण तसेच. पूर्ण ताजी सुरुवात हवी असेल तर शटडाउन नाही, रीस्टार्ट करायचं. उलटं वाटतं ना? पण आहे तसं आहे.

आता एसएसडी. यात काहीच फिरत नाही, सगळं चिपवर, त्यामुळे दांडी नाही आणि वाट पण नाही. लॅपटॉप २०१० च्या आसपासचा असला तर त्यात बहुतेक २.५ इंची साटा (डिस्क जोडायची एक पद्धत) डिस्कची जागा असते आणि साटा एसएसडी तिथे सरळ बसते. एवढंच बघायचं की जुन्या काही डिस्क ९.५ मिलिमीटर जाडीच्या असायच्या आणि एसएसडी बहुधा ७ ची असते, त्यामुळे ती आत खुळखुळते, तिथे एक प्लास्टिकची चौकट लावायची, अनेकदा ती सोबतच मिळते. कोणी म्हणेल, माझा लॅपटॉप इतका जुना आहे की साटा दुसऱ्या पिढीचा आहे, सेकंदाला ३ गिगाबिटवाला, मग एसएसडीचा पूर्ण स्पीड मिळणारच नाही. नका विचार करू. ५०० च्या जागी २५० एमबी मिळतील, पण आपल्याला त्रास त्या एमबीचा नव्हताच, त्रास दीड वर्षाच्या वाटेचा होता आणि ती साडेतीन दिवसांवर येतेच.

थोड्या नंतरच्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाचा स्लॉट असतो, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेक ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी त्यात बसते. इथे खरी फसगत आहे. दिसायला सारख्याच दोन जाती आहेत, एक साटावाली आणि एक एनव्हीएमई, म्हणजे जोडणीची नवी, वेगवान पद्धत. साटावालीच्या टोकाला साधारणपणे दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या एकच. आणि स्लॉटमध्ये पट्टी बसली म्हणजे चालेलच असं अजिबात नाही, काही जुन्या लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटाच ओळखतो. त्यामुळे विकत घ्यायच्या आधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल नेटवर शोधा, कंपनीच्या साइटवर बहुधा पीडीएफ असते, त्यात कुठली जात चालते ते स्पष्ट लिहिलेलं असतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

डिस्क बदलायच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतं. त्यात रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी बघायच्या. पहिली म्हणजे डिस्कने खराब म्हणून सोडून दिलेल्या जागा, दुसरी म्हणजे वाचताना अडखळलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा. शून्य असेल तर निवांत. शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, क्लोनिंगच्या (सबंध डिस्कची नक्कल करण्याच्या) नादी लागू नका, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावणं म्हणजे आजारी माणसाला जिना चढायला लावण्यासारखं आहे.

क्लोन करायचं की नवीन विंडोज टाकायचं यावर लोक तासन्‌तास भांडतात. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, सगळे प्रोग्रॅम जसेच्या तसे, क्लोनझिला वगैरे सॉफ्टवेअरनी होतं. माझं मत, नवीनच टाका. सात आठ वर्षांचा जो कचरा साठलाय, अर्धवट काढलेले प्रोग्रॅम, ज्या प्रिंटरचा आता पत्ताही नाही त्याचं सॉफ्टवेअर, ते सगळं नवीन डिस्कवर उचलून न्यायचंच कशाला. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरतं. विंडोज १० पासून लायसन्स बहुतेक वेळा डिजिटल असतं आणि मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, त्यामुळे तेच एडिशन परत टाकलं की नेटला जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. फक्त एक सांभाळा: काही लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, आपल्या नकळत चालू असतं. मग डिस्क काढून दुसरीकडे लावली की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की आधीच आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बघून ठेवा, नाहीतर स्वतःचेच फोटो स्वतःला बघता येणार नाहीत.

हो, आणि एसएसडीवर डीफ्रॅग करायचं नसतं. डीफ्रॅग ही दांडीची पळापळ कमी करण्याची युक्ती होती, इथे दांडीच नाही. विंडोज स्वतःहून ऑप्टिमाइझ करतं ते वेगळं, त्याला करू द्या.

रॅमचं थोडं वेगळं आहे. रॅम वाढवल्याने स्पीड वाढतो असं नाही, रॅम कमी पडत असेल तर ते कमी पडणं थांबतं, एवढंच. रॅम भरली की विंडोज तिच्यातलं जे सध्या लागत नाही ते डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. म्हणजे पाच मिनिटांचं काम परत डिस्कच्या दारात. डिस्क फिरती असेल तर मग बघायलाच नको, टॅब बदलला की माणूस पाणी पिऊन येतो. म्हणून रोजचं सगळं उघडा, ब्राउझरचे नेहमीचे टॅब, मेल, गाणी, जे काय असेल ते, आणि मग मेमरी किती आहे बघा. ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम हवी. ५५ टक्के असेल तर अजून रॅम टाकून ती नुसती बसून राहील. आजच्या वापराला ८ जीबी ही कमीत कमी पायरी, १६ असली तर विषय संपला. ४ जीबीवर विंडोज चालतं, पण ते चालणं म्हणजे कुबड्या घेऊन चालणं.

टास्क मॅनेजरमध्येच मेमरीच्या पानावर स्लॉट किती वापरलेत ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे काही करता येत नाही. स्लॉट असतील तर कुठली पिढी ते बघायचं, डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५, यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात त्यामुळे चुकीची बसतच नाही. पण डीडीआर३ मध्ये एक पोटजात आहे, डीडीआर३एल, आणि ती दोन्ही अगदी हुबेहूब असतात. साधी चालते दीड व्होल्टवर, एलवाली १.३५ वर. मी एकदा साधी मागवून बसवली. झाकण लावलं, बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच. परत काढली परत लावली, काळीच. मला वाटलं संपलं, बोर्ड गेला माझ्या हातून, अर्धा पाऊण तास नुसती त्याच्याकडे बघत बसले होते. मग सहज जुन्या पट्टीवरचं लेबल वाचलं तर त्यावर पीसी३एल, आणि नवीनवर पीसी३. एका अक्षराचा फरक. जुनी परत लावली तर मशीन लगेच सुरू. तेव्हापासून मी आधी जुनी पट्टी काढून तिच्या लेबलचा फोटो घेते आणि तो समोर ठेवूनच मागवते. अजून एक, रॅम तिरकी घालून मग खाली दाबायची असते आणि दोन्ही बाजूच्या पत्र्याच्या चिमट्यांचा टक असा आवाज यायला हवा, अर्धवट बसली तरी स्क्रीन काळीच राहते आणि माणूस उगाच घाबरतो. दोन स्लॉट असतील तर एकच मोठी पट्टी टाकण्यापेक्षा दोन सारख्या टाकलेल्या बऱ्या, कारण मग प्रोसेसर दोन्हीकडून एकदम वाचतो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्याचा फायदा जाणवतो.

आतापर्यंतचं सगळं वाट बघण्याबद्दल. उष्णतेचं प्रकरण वेगळं, तिथे प्रोसेसर मुद्दाम हळू होतो. लॅपटॉपचे प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला ठोके कमी करतात. लक्षण ओळखायला सोपं आहे: सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं छान चालतो, मग पंखा विमानासारखा ओरडायला लागतो आणि सगळं चिकटल्यासारखं होतं. एचडब्ल्यू इन्फो सारख्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि ठोके शेजारी शेजारी दिसतात, तापमान वर गेलं की ठोके खाली येताना डोळ्यांनी बघता येतं.

मावशीच्या लॅपटॉपचा मागचा पत्रा काढला तर वरवर काहीच नव्हतं, थोडी धूळ पात्यांवर, नेहमीची. पण पंखा स्क्रू काढून बाजूला घेतला आणि मग दिसलं. पंखा जिथून हवा बाहेर फेकतो तिथे तांब्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते, आणि तिच्या आतल्या तोंडावर राखाडी रंगाची एक अख्खी गादी बसली होती. भुकटी नाही, चक्क लोकरीच्या कापडासारखा तुकडा, चिमट्याने धरला तर सबंध निघून आला, त्यात केस, धागे, काय काय गुंतलेलं. पंखा एवढी वर्षं जीव तोडून फिरत होता आणि हवा पुढे जातच नव्हती. म्हणूनच बाहेरून जाळीत फुंकर मारून किंवा ब्लोअर धरून फार काही होत नाही, ती गादी आतल्या आत सरकते, बाहेर येत नाही. आणि कॉम्प्रेस्ड एअर मारायची असेल तर पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने अडवून धरा, कारण हवेच्या जोराने तो त्याच्या मर्यादेबाहेर फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता त्या जाळीकडे नेणारा तांब्याचा भाग, काढलाच आहे तर थर्मल पेस्ट पण बदलून घ्या. प्रोसेसर आणि तांब्याच्या मध्ये ही पेस्ट असते, बारीक फटी भरून उष्णता पुढे नेण्यासाठी, आणि पाच सात वर्षांनी ती वाळून चुन्यासारखी पोपडे धरते. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायची, नवीनचा पातळ थर पुरे, जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. स्क्रूंच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे आणि काढताना उलट्या क्रमाने. काही चिपांवर पेस्टऐवजी रबरासारखी मऊ पट्टी असते, थर्मल पॅड, ती फाटली असेल तर तिथे तेवढ्याच जाडीचं पॅडच लागतं, पेस्ट थापून चालत नाही कारण मध्ये फट मोठी असते.

उघडण्याबद्दल दोनच गोष्टी सांगते, ज्या मी स्वतः भोगल्यात. पहिली, स्क्रू सारखे दिसले तरी लांबीला वेगवेगळे असतात, आखूड जागी लांब स्क्रू आवळला तर तो वरून हात टेकायच्या जागी कोंब फुटल्यासारखा बाहेर येतो. एका कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी कागदात खोचून ठेवा. दुसरी, कीबोर्डच्या आणि टचपॅडच्या चपट्या रिबन केबलला एक नखाएवढी खिटी असते, ती आधी उचलायची मग केबल निघते. केबल ओढायची नाही. ती खिटी तुटली ना, की मग टेप लावून भागवावं लागतं. आणि आत हात घालण्याआधी बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं, हे सांगायला नको.

बॅटरी स्लोपणाशी संबंधित नाही असं वाटतं, पण थोडी आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक स्पेस आणि स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं (अर्थात इंग्लिश अक्षरांत) की विंडोज एक अहवाल बनवून देतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, पहिला ४८,००० आणि दुसरा १९,००० असेल तर बॅटरी चाळीस टक्क्यांवर आलीय. तो मोजून बदलायचं की नाही ठरवा. पण टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, झाकण नीट बसत नसेल, खालचा पत्रा फुगलेला दिसत असेल तर ठरवायचं काही नाही, बॅटरी फुगलीय, वापर आणि चार्जिंग आत्ताच थांबवा. दाबू नका, टोचू नका, साध्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आणि एक मजेशीर केस. एका मैत्रिणीचा लॅपटॉप, एसएसडी आहे, रॅम १६, तापमान ४५, तरी इतका स्लो की माउससुद्धा अडखळतोय. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा स्पीड बघितला तर ०.७९ गिगाहर्ट्झ, आणि काहीही केलं तरी तिथून हलेना. कारण निघालं ॲडॉप्टर! काही लॅपटॉपच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक सुईसारखी तार असते, तिच्यावरून लॅपटॉप ओळखतो की चार्जर बरोबर ताकदीचा आहे की नाही. ती वाकली किंवा साधा नकली चार्जर लावला, की लॅपटॉप म्हणतो वीज पुरेल याची खात्री नाही, मी कमीत कमी स्पीडवर चालतो. चार्जर बदलला, दोन सेकंदांत २.८ वर गेला. ती त्याआधी दोनदा विंडोज परत टाकून बसली होती.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात उरकते, कारण यावर जितकं लिहिलं जातं तितका त्यात दम नाही. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचा टॅब आहे, तिथे जे ओळखीचं आणि नको असलेलं आहे ते बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, विंडोजसोबत येणारा डिफेंडर बहुतेकांना पुरतो. रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, "एका क्लिकवर पीसी सुसाट" असल्या गोष्टी टाकूच नका. रॅम बूस्टर तर गंमतच आहे, तो विंडोजने कामासाठी जवळ ठेवलेलं सगळं बाहेर फेकतो आणि म्हणतो बघा किती रॅम मोकळी झाली, मग पुढच्या क्लिकला ते सगळं परत डिस्कवरून आणावं लागतं. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन मात्र जरूर टाका, जुन्या मशीनवर वेबपेजचं निम्मं ओझं तेच असतं.

व्हिडिओ अडकत असेल तर त्याचं कारण वेगळं निघू शकतं. व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, तो उलगडायला प्रोसेसरमध्ये खास वेगळा भाग असतो, पण तो भाग त्याच्या काळातल्याच पद्धती ओळखतो. इंटेलच्या बाबतीत व्हीपी९ पद्धत पूर्णपणे त्या भागावर उलगडायला लागली ती सातव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्यापासून. यूट्यूब मात्र सगळ्यांना सरसकट याच नव्या पद्धतींचा व्हिडिओ द्यायला बघतं. जुन्या मशीनवर मग ते काम साध्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतं आणि सीपीयू ९० टक्के. व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा, कोडेकच्या, म्हणजे या पद्धतीच्या, ओळीत काय आहे दिसेल. यूट्यूबला जुनी एच-२६४ पद्धतच द्यायला लावणारी एक्स्टेन्शनं मिळतात, ती टाकली की २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपवरसुद्धा व्हिडिओ सुरळीत चालतो, फक्त १०८० पेक्षा वरचा दर्जा मिळत नाही, आणि त्या स्क्रीनवर तो दिसणारही नव्हता.

राहिलं विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक सोय, बहुधा चिप) लागतं आणि प्रोसेसर साधारण इंटेल आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या शेवटापासूनचा. याच्या आधीची कितीतरी चांगली मशीन या एका अटीवर बाद होतात, ज्यांना वर सांगितलेलं सगळं करून अजून चारपाच वर्षं मजेत वापरता येतं. त्यांच्यासाठी मी लिनक्स मिंट सांगते, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मशीन फारच अशक्त असेल तर त्याचीच एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, सगळं. मराठी टायपिंग होतं. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच आहे त्याला गूगलची क्रोम ओएस फ्लेक्स पण चालेल. फक्त ज्या सॉफ्टवेअरवर तुमचं पोट आहे ते तिथे चालतं का हे आधी बघा, नंतर मला शिव्या नकोत.

आणि सगळीच मशीन वाचत नाहीत हेही सांगते. रॅम ४ जीबी सोल्डर केलेली, डिस्कच्या जागी बोर्डावरच चिकटवलेली ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू, स्वस्त साठवणीची चिप), प्रोसेसर दोन कोअरचा अगदी खालचा, असा लॅपटॉप असेल तर त्यावर पैसे घालू नका, लिनक्स टाकून जेवढं चालेल तेवढं चालवा. बिजागरीपाशी बॉडी फाटलेली असेल तर त्याचाही हिशोब आधी करा, स्पीड वाढवून झाकणच उघडत नसेल तर उपयोग काय.

मावशीच्या लॅपटॉपला एसएसडी लागली, पंखा साफ झाला, पेस्ट बदलली, रॅम तशीच ठेवली कारण ६१ टक्क्यांवर नवीन घेण्यात अर्थ नव्हता. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, म्हणून विंडोजच्या जागी मिंट टाकलं. सुरू व्हायला आता वीस बावीस सेकंद. दिल्यावर दोन दिवसांनी फोन, "अगं एकही वेबसाइट उघडत नाहीये, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतोय सगळीकडे." मी म्हटलं कोपऱ्यातली तारीख वाच. तिने वाचली, १ जानेवारी २०१५. बोर्डावर घड्याळ जिवंत ठेवायला एक बटणासारखा सेल असतो, सीआर२०३२, तो संपला की मशीन तारीख विसरतं, आणि तारीख चुकली की वेबसाइटचं सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटतं, म्हणून तो कशावरच विश्वास ठेवत नाही. परत उघडला, सेल बदलला. कीबोर्डवरचं एफ-७ चं बटण तेवढं अजून अडकतं, ते राहिलंय, कारण त्या मॉडेलचा कीबोर्ड खालून प्लास्टिकच्या पंचवीसतीस रिव्हेटांनी बसवलाय आणि तो बदलायचा तर प्रत्येक रिव्हेट वितळवून परत बसवावा लागेल. मावशी म्हणाली राहू दे, ते बटण कशाचं आहे ते तरी मला कुठे माहितीये.